कुंकू लागलेला बास्केटबॉल

मी एक जुना बास्केटबॉल आहे आणि सध्या मला माणसांची किळस आलेली आहे. मित्रांनो, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची फसगत नको. तुटकी खुर्ची, फाटकी छत्री, बंद पडलेलं घड्याळ, सगळे आपलं आयुष्य सांगताना कसे गोड बोलतात! मी किती सेवा केली आणि तुम्ही मला कसं विसरलात, एवढंच त्यांचं रडगाणं. माझं तसं नाही. मला कोणी विसरलं नाही. उलट माझी पूजा केली. पाटावर बसवून हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. ते कुंकू अजून माझ्या काळ्या खाचांमध्ये बसलेलं आहे, आणि आठवण झाली की मला मळमळतं.

माझा जन्म नेमका कुठे झाला ते मला माहीत नाही. रबराचा आणि गोंदाचा उग्र वास, एक गरम साचा आणि पोटात खुपसलेली सुई एवढंच आठवतं. ती पंपाची सुई मला आजही आवडत नाही. तिथून खोक्यात बसून मी इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमला आलो आणि खेळाच्या दुकानात वरच्या फळीवर जाऊन बसलो. येणारं प्रत्येक पोर मला दाबून बघायचं आणि परत ठेवायचं. एकाच्या बोटांना केचप होतं. एकाने तर मला चाटलं, आणि त्याची आई शेजारी उभी राहून फोनवर बोलत होती. शी! मला नाक नाही, जीभ नाही, पण वास आणि चव मला कळते. कसं ते विचारू नका.

त्या दुकानातून मला सोडवलं आसावरीने. तिच्या मुलीचा, शाल्मलीचा, वाढदिवस होता. शाल्मलीचे वडील, डॉक्टर यतीन, इथल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी भूल देण्याचं काम करतात. आसावरीने मला घरात आणलं आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "अगदी लाल भोपळा दिसतोय गं!" झालं, तेव्हापासून माझं नाव भोपळ्या. शाल्मली मात्र मला 'भोपळ्या आली, भोपळ्या गेली' असं म्हणायची. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. तिच्या मराठीत टेबल ती असते आणि खुर्ची तो असतो. मला त्याचा राग कधीच आला नाही. राग यायला मला पुढे चांगली कारणं मिळाली.

पहिली काही वर्षं मी एकट्या मुलीचा बॉल होतो. गॅरेजच्या दारावर आपटायचं, परत यायचं, पुन्हा आपटायचं. मध्येच शेजारचा कुत्रा मला तोंडात धरायचा प्रयत्न करायचा आणि अंगभर लाळ लावून जायचा. शाल्मली तीच लाळ आपल्या जम्परला पुसायची आणि खेळत राहायची. उंच उंच होत चालली होती पोर. शाळेत तिला सगळे विचारायचे, वर हवा कशी आहे? ती हसायची, आणि घरी येऊन मला दारावर जोरात मारायची.

मग एके दिवशी शाळेच्या मैदानात मी तिच्या हातून निसटलो आणि घरंगळत कुंपणापाशी गेलो. तिथे एक बुटकी मुलगी उभी होती. नवी होती. कोटाची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली, हात बाह्यांत लपवलेले. तिने मला उचललं आणि गडबडीत तोंडातून निघून गेलं, "घे गं!"

शाल्मली जागच्या जागी उभी राहिली. "तू मराठी बोलतो?"

"बोलते," ती बुटकी म्हणाली. "आणि मुलगी असशील तर तूही बोलतेस."

ही आश्लेषा. वडिलांना कामाचा व्हिसा मिळाला म्हणून पुण्याहून आलेली. आल्यापासून ती शाळेत कोणाशी धड बोललीच नव्हती. त्या दुपारी ती घंटा होईपर्यंत बोलत राहिली आणि शाल्मली ऐकत राहिली. मी दोघींच्या मध्ये गवतावर पडून होतो. मला फार बरं वाटलं होतं, खरं सांगतो.

आश्लेषाला उंची नव्हती, पण नजर होती. कोण कुठे पळतंय, कोण मोकळं होणार आहे, हे तिला आधी दिसायचं. शाल्मली नुसते हात वर करायची. मान वळवून बघायचीसुद्धा नाही. मी तिच्या हातात पोचलेलो असायचो आणि तिथून जाळीत. हॉलमधली पोरं बाकांवर पाय आपटून ओरडायची, आणि शाल्मली दर वेळी आश्लेषाकडे बोट दाखवायची, की मी नाही, ही. दोघींची शाळेची टीम त्या वर्षी काउंटीत, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात, गाजली. मला त्यांनी वाटून घेतलं होतं. एक आठवडा शाल्मलीच्या घरी, एक आठवडा आश्लेषाच्या. आश्लेषाच्या फ्लॅटमध्ये गालिच्यावर चिखल नको म्हणून तिची आई, अरुणा, मला बाथटबमध्ये ठेवायची आणि येताजाता म्हणायची, "याचीच रोज अंघोळ होते या घरात, बाकीच्यांना सांगावं लागतं." ते दिवस खरंच चांगले होते.

आता घाणीकडे येतो.

दोघी इयर इलेव्हनमध्ये गेल्या, म्हणजे शाळेचं शेवटचं मोठं वर्ष. त्यानंतर सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे अकरावी-बारावीला, कुठे जायचं ते ठरवायचं असतं. तासाभरावर एक कॉलेज आहे, तिथे अभ्यासाबरोबर बास्केटबॉलची अकॅडमी चालते. तिथे अमेरिकेतल्या कॉलेजांचे लोक खेळाडू बघायला येतात. त्या अकॅडमीचा कोच, हॉलिस नावाचा, शाळेत येणार होता, आणि मुलींच्या टीममध्ये बाहेरच्या शाळेतून घ्यायची एकच जागा उरली होती.

एकच! त्या दिवशी दोघी मैदानाजवळच्या बाकावर मला मांडीवर घेऊन बसल्या. मग आश्लेषा म्हणाली, "जिला जागा मिळेल तिने भोपळ्या दुसरीला द्यायचा. कायमचा. म्हणजे दोघींना काहीतरी मिळेल."

"आणि रडायची नाही," शाल्मली म्हणाली.

"रडायचं नाही," आश्लेषाने दुरुस्त केलं, आणि दोघींनी माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली. आश्लेषाचा हात थंडगार होता. तिला ती जागा किती हवी होती हे मला तेव्हाच कळलं. शाल्मलीला खेळ आवडायचा. आश्लेषाला या परक्या गावात फक्त खेळताना आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

त्याच सुमारास मंडळाचा गणपती होता. चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला, स्टेजवर मखर, मागच्या बाजूला जेवणाची रांग. आश्लेषाचा गुडघा काही दिवस दुखत होता. जीपीची, म्हणजे इथल्या सरकारी फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळता मिळत नव्हती. आता आपल्या माणसांची एक सवय तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर ओळखीचा निघाला की तो कशाचा डॉक्टर आहे हे कोणी विचारत नाही. मसालेभाताची प्लेट हातात घेऊनच त्याच्यापुढे अवयव धरायचा. अरुणाने तेच केलं. मी आश्लेषाच्या खुर्चीखालीच होतो.

"अहो यतीनभावजी, हिचा गुडघा जरा बघता का? तुम्ही घरचेच म्हणून विचारते."

डॉक्टरांच्या उजव्या हातात जिलबी होती. ती त्यांनी तोंडात टाकली आणि त्याच पाकाच्या बोटांनी गुडघा दाबला. "इथे? आणि इथे? काही नाही हो वहिनी. वाढीच्या वयाचं दुखणं. बर्फ लावा, थोडा आराम. पोरगी घोड्यासारखी पळेल." मग खाली वाकून त्यांनी मलाही थोपटलं. माझ्या अंगाला पाक चिकटला आणि रात्री घरी जाईपर्यंत त्यावर हॉलमधली सगळी धूळ बसली. ई! पण तेव्हा मला त्या हाताची फक्त चिकट म्हणून शिसारी आली होती, मित्रांनो. बाकी काही मला अजून माहीत नव्हतं.

आश्लेषाने बर्फ लावला, आराम केला आणि गुडघा खरंच थांबला. पुढे जीपीनेही तेच सांगितलं.

इकडे डॉक्टरांनी लेकीचा व्हिडिओ करायला घेतला. हल्ली कोचला आधी व्हिडिओ पाठवायचा असतो. रोज जेवण झालं की ते लॅपटॉप घेऊन बसायचे आणि मॅचमधले तुकडे कापायचे. मी सोफ्यावर बसून बघत होतो. त्यांनी काय करावं? आश्लेषाचा प्रत्येक पास कापून टाकला! त्या व्हिडिओत मी शाल्मलीच्या हातात थेट आकाशातून पडतो. मला कोणी फेकलं, कुठून फेकलं, काही पत्ता नाही. पाऊस पडावा तसा मी पडतोय आणि ही बाई आपली बास्केट करतेय.

"बाबा, आशू कुठे गेली?" शाल्मलीने विचारलं.

"अगं, व्हिडिओ तुझा आहे ना? छोटा ठेवायला सांगितलाय त्यांनी."

शाल्मली काहीतरी पुटपुटली आणि खोलीत गेली. तिने तेव्हा भांडायला हवं होतं. भांडली नाही. ते मी विसरलेलो नाही.

मग हॉलिस आला. ट्रॅकसूट, च्युइंग गम आणि हाताला चीज-अनियन क्रिस्प्सचा वास. आल्या आल्या त्याने मला उचललं आणि क्रिस्प्सचा चुरा माझ्या खाचांत भरला. मग त्याने मुलींना भिंतीशी उभं केलं. उंची बघितली, हात पसरायला लावून त्यांची लांबी बघितली, बुटांचा नंबर विचारला. पालकांना विचारलं, तुमच्या घरात सगळ्यात उंच कोण? दात तेवढे बघितले नाहीत. बाकावर बसलेली अरुणा हळूच म्हणाली, "बाजारात म्हैस बघतात तसा बघतोय मेला." आणि यतीन डॉक्टर आपले हसत हसत त्याला घरातल्या तीन पिढ्यांची उंची सांगत होते.

पण खेळ सुरू झाल्यावर सगळं बदललं. आश्लेषा त्या दिवशी अशी खेळली की काय सांगू! मी एका हातात थांबतच नव्हतो. हॉलिसचं च्युइंग गम चघळणं बंद पडलं. खेळ संपल्यावर तो शाळेच्या बाईंना म्हणाला, "उंच मुलीला नेम शिकवता येतो. त्या छोटीला जे दिसतं ते मला कोणाला शिकवता येणार नाही. मला वाटतं, माझं ठरलंय." हे इंग्रजीत झालं, पण अर्थ हाच. डॉक्टर दोन पावलांवर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र एकदम बारीक झाले.

मुली कपडे बदलायला गेल्या. डॉक्टरांनी मला जाळीच्या पिशवीत घालून खांद्याला लावलं आणि कार पार्कमध्ये हॉलिसला गाठलं. मी त्यांच्या पाठीवर होतो. एक एक शब्द मी ऐकला.

"आश्लेषा म्हणजे आमच्या घरचीच मुलगी," डॉक्टर म्हणाले. "म्हणून सांगावंसं वाटतं. मी डॉक्टर आहे. तिचा गुडघा मी स्वतः तपासलाय. तिच्या आईनेच दाखवला होता. मला जरा काळजी वाटते. रोजचं ट्रेनिंग तिला झेपेल की नाही... अर्थात, हे आपल्यातच राहू दे. पोरीचं भलं व्हावं, एवढंच."

पोरीचं भलं! अरे, तूच ना रे तो, जिलबी चघळत 'काही नाही' म्हणणारा? मला तोंड असतं तर मी तिथे बोंब मारली असती. पिशवीत नुसता हिंदकळत राहिलो. मी कुत्र्याची लाळ सोसली, मोज्यांच्या ढिगात महिनाभर पडून राहिलो, बाथरूमच्या ओल्या फरशीवर झोपलो. पण 'काळजी वाटते' या दोन शब्दांइतकं घाणेरडं माझ्या अंगाला कधी काही लागलं नव्हतं.

काही दिवसांनी आश्लेषाला हॉलिसचा निरोप आला की यंदा जमणार नाही, शुभेच्छा. कारण दिलं नव्हतं. मग तिने कारण स्वतःच शोधलं. तिला वाटलं, आपली उंची कमी पडली. तो आठवडा मी तिच्याकडे होतो. ती पोर दाराच्या चौकटीवर लोखंडी दांडा अडकवून त्याला लोंबकळत राहायची, हात लाल होईपर्यंत. अरुणा ओरडायची, "आशू, उतर खाली, खांदे निखळतील!" ती उतरायची, भिंतीशी उभी राहून पेन्सिलने खूण करायची आणि पुन्हा लटकायची. शपथेप्रमाणे रडली मात्र नाही. मी बाथटबमधून बघत होतो. कारण मला माहीत होतं आणि मला ते सांगता येत नव्हतं, यापेक्षा वाईट शिक्षा बॉलला दुसरी नसेल.

मग दसरा आला. इथे दसरा कधीही असो, आपण शनिवारी करतो, कारण सगळ्यांना सुट्टी असते. डॉक्टरांच्या घरी सकाळपासून तयारी. दसऱ्याला ज्या वस्तूने जो तो आपलं काम करतो तिची पूजा करतात, म्हणून पाटावर डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, आसावरीचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या आणि मध्यभागी मी. आसावरीने मला हळद लावली. कुंकू लावायला डॉक्टर स्वतः पुढे आले. "आज याचा मान मोठा," म्हणाले आणि अंगठ्याने माझ्या कपाळावर, म्हणजे जिथे कपाळ असतं तिथे, चांगलं दाबून कुंकू लावलं. वर शेवंतीचं फूल. मी त्या हाताखालून निसटायला बघत होतो. पण मी हलू नये म्हणून त्यांनी माझ्याखाली बांगडी ठेवली होती.

ते कोपऱ्यावरून दूध आणायला गेले आणि शाल्मलीचा फोन वाजला. हॉलिस होता. तिच्या हाताला कणीक लागलेली, म्हणून तिने स्पीकर लावला. आसावरी मागच्या बागेत होती. घरात आम्ही दोघंच. जागा तुझी, अभिनंदन, असं सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आणि वडिलांना माझे आभार सांग. तुझ्या मैत्रिणीच्या गुडघ्याचं त्यांनी स्पष्ट सांगितलं ते बरं झालं. मी तिलाच घेणार होतो. मोठी डोकेदुखी वाचली."

फोन बंद झाला. शाल्मली कणकेचे हात तसेच धरून उभी राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाटावर, फूल लावून. "भोपळ्या," ती म्हणाली. तेवढ्यात आसावरीची हाक आली, सोन्यासाठी कुंपणाची पानं तोडून आण. इथे आपटा कुठून मिळणार? ती गेली आणि पानं तोडून आली. जागा मिळाली एवढंच तिने आईला सांगितलं, आणि आसावरीने ते दुपारपर्यंत सगळ्या मंडळाला कळवलं; बाकी दिवसभर ती एक अक्षर बोलली नाही.

संध्याकाळी मंडळी जमली. रेशमी झब्बे, साड्या, वर कार्डिगन. अरुणा आणि आश्लेषाही आल्या. आश्लेषाने मोठं अवसान आणून शाल्मलीला मिठी मारली. "काँग्रॅट्स गं. आणि माझा भोपळ्या दे आता, ठरलंय ना."

तेवढ्यात डॉक्टर पानं घेऊन पुढे आले. सगळ्यांच्या देखत त्यांनी आश्लेषाच्या हातात पान ठेवलं. "सोनं घे, सोन्यासारखी राहा. आणि बेटा, मनाला लावून घेऊ नकोस. उंची काही आपल्या हातात नसते."

"उंची?" शाल्मली म्हणाली. आवाज इतका मोठा की सगळे वळले. "बाबा, उंची? हॉलिसने मला सकाळी सांगितला. तो आशूलाच घेणार होता. तुम्ही त्याला तिची गुडघा सांगितली!"

डॉक्टरांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग अरुणाकडे. "अगं, तसं नाही... काळजीपोटी बोललो मी. डॉक्टर म्हणून एक जबाबदारी असते..."

"डॉक्टर म्हणून?" अरुणा पुढे आली. तिचा आवाज चढला नाही, पण हातातली पानं चुरगळून गेली. "अहो, तुम्हीच म्हणालात ना, काही नाही म्हणून? मी तुम्हाला डॉक्टर म्हणून विचारलंच नव्हतं. घरचे म्हणून विचारलं होतं. माझी पोर तीन आठवडे दाराला लटकतेय हो, उंच व्हायला!"

आणि आता ऐका माणसांची तऱ्हा. एक काका म्हणाले, जाऊ द्या. एक मावशी म्हणाल्या, सणासुदीच्या दिवशी कशाला? कोणीतरी हळूच श्रीखंडाचं भांडं पुढे सरकवलं. एवढी मोठी घाण घराच्या मधोमध पडली होती आणि सगळे तिच्यावरून पाय उचलून पलीकडे जायला बघत होते. शी शी शी!

आश्लेषा डॉक्टरांकडे बघतही नव्हती. ती शाल्मलीकडे बघत होती. "तुला सकाळी कळलं?"

"हो."

"आणि तू मला आत्ता सांगतेस? मी इथे येऊन काँग्रॅट्स म्हणेपर्यंत?"

शाल्मलीने पाटावरून मला उचललं आणि पुढे केलं. "घे ना. ठरली होती आपली."

"जिंकेल तिने द्यायचा, असं ठरलं होतं," आश्लेषा म्हणाली. "तू जिंकलीस कुठे?"

ती कोट घालून निघून गेली. अरुणा मागोमाग. मी शाल्मलीच्या हातात, आणि कुंकू तिच्या झब्ब्याला लागलेलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगतानाच तोंड कडू होतं. शाल्मलीने हॉलिसला फोन करून खरं काय ते सांगितलं. आशूला परत बघा म्हणाली. तो म्हणाला, आता कागदपत्रं झाली, अशा गोष्टी होतात, तू मन लावून खेळ. मग मी येत नाही, असं सांगून तिने फोन ठेवला. डॉक्टरांनी खूप समजावलं. "तू सोडलीस म्हणून तिला मिळणार आहे का? काय उपयोग?" उपयोग! आठवड्याच्या आत हॉलिसने लंडनजवळच्या इल्फर्डची कोणी मुलगी घेतली. दोघींपैकी एकीचंही नाव त्याला आज आठवत नसेल. माझी रवानगी गॅरेजमध्ये झाली, रंगाचे डबे आणि गवत कापायचं मशीन यांच्या मध्ये. हवा हळूहळू गेली. अंगावर एक कोळी फिरायचा. डॉक्टर गाडी काढायला यायचे तेव्हा माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. आसावरी फोनवर कोणाला तरी सांगायची की हे मनाने वाईट नाहीत हो, लेकीच्या मायेपोटी झालं. बिचारी काय करणार? पण मला विचाराल तर पहिल्यांदा काळजीपोटी, मग मायेपोटी. या माणसाच्या पोटी आणखी काय काय आहे, देव जाणे.

थंडी चांगली वाढल्यावर एका रविवारी शाल्मली गॅरेजमध्ये आली. तिने सुई खुपसून मला फुगवलं. भांड्यांच्या साबणाने घासलं. हळद गेली, वरवरचं कुंकू गेलं, खाचांमधलं गेलं नाही. मग मला काखेत मारून ती कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, बास्केटबॉल कोर्टवर गेली. तिथे आश्लेषा होती, एकटी, शाळेचा कुठलातरी बॉल घेऊन. शाल्मली जाळीच्या बाहेरच थांबली. तोंडातून वाफ निघत होती.

आश्लेषाने तिला पाहिलं. थोडा वेळ तशीच खेळत राहिली. मग तिने तो शाळेचा बॉल पायाने बाजूला सारला आणि हात पुढे केले.

शाल्मलीने मला फेकलं. आश्लेषाने मला धरलं आणि फिरवून फिरवून बघितलं. "हे लाल काय आहे?"

"कुंकू. जातच नाही तो."

"ते," आश्लेषा म्हणाली. "ते जात नाही."

आणि तिने मला परत फेकलं. साधं नाही, सगळा जोर लावून, थेट शाल्मलीच्या छातीवर. शाल्मली कळवळली आणि दोन पावलं मागे गेली, पण तिने मला सोडलं नाही.

"लागलं?"

"हो."

"बरं झालं," आश्लेषा म्हणाली, आणि पुन्हा हात पुढे केले.

अंधार पडेपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मी मात्र सारखा इकडून तिकडे जात होतो. आता त्या दर रविवारी येतात. पूर्वीसारख्या हसत नाहीत. मध्येच एखादा पास अजूनही जरा जास्तच जोरात येतो, आणि शाल्मली तो मुकाट्याने घेते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या बॉलची काळजी घ्या असं सांगायची पद्धत आहे. घेऊ नका. काळजी हा शब्द मला परत ऐकायचा नाही. मला पाटावर बसवू नका, फूल वाहू नका, आणि कुंकू तर मुळीच लावू नका. मी कोणी एकाने कवटाळून बसायची वस्तू नाही. तुमच्या हातात आलो की मान वर करा, कोण मोकळं उभं आहे ते बघा, आणि त्याच्याकडे फेका. फेकणाऱ्याला कापून टाकू नका. आणि फेकण्याआधी तेवढे हात धुवा रे बाबांनो, पाय धरतो तुमचे.